तार आणि छत्री : घरगुती दूरचित्रवाणीतील निवडीचा विचार

घरात दूरचित्रवाणी संच आणल्यानंतर त्यावर कार्यक्रम कोणत्या मार्गाने आणावेत, केबलच्या तारेने की उपग्रहाच्या छत्रीने, हा प्रश्न गेल्या वीस-बावीस वर्षांत महाराष्ट्रातील लक्षावधी कुटुंबांनी आपापल्या परीने सोडविला आहे. या प्रश्नावर झालेले लेखनही थोडेथोडके नाही. परंतु त्या लेखनाचा साचा बहुधा एकच असतो. डाव्या रकान्यात केबल, उजव्या रकान्यात उपग्रह. त्यांखाली चित्राची स्पष्टता, वाहिन्यांची संख्या, मासिक वर्गणी, जोडणीचा खर्च. आणि अखेरीस, ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे निवड करावी, हा निरुपद्रवी अभिप्राय. दोन वस्तूंची तुलना करावयाची असता असा तक्ता उपयोगी पडतो. केबल आणि छत्री यांत मात्र ग्राहक जे घेतो ते वस्तूपेक्षा निराळे आहे. घर आणि प्रक्षेपणसंस्था यांच्यामध्ये कोण उभे राहणार, पैसे कोणाला द्यावयाचे, तक्रार कोणाकडे न्यावयाची आणि गावाचे असे काही पडद्यावर दिसणार की नाही, हे त्या एका निवडीत ठरून जाते. तक्त्याला यांतील एकाही गोष्टीसाठी रकाना नसतो.

प्रथम या दोन नावांचाच विचार करावयास हवा. ‘केबल की उपग्रह’ या शब्दप्रयोगात एक विरोध गृहीत धरलेला आहे. आणि तो विरोध वस्तुतः नाही. केबलने येणारी वाहिनीही मुळात उपग्रहावरूनच येते. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर भासणारा उपग्रह दोघांचाही समानच. केबलच्या बाबतीत वितरकाच्या केंद्रावर मोठ्या व्यासाच्या छत्र्या असतात. त्यांनी घेतलेले संदेश एकत्र करून पुढे तारेने घरोघर पाठविले जातात. थेट ग्रहणाच्या, म्हणजे ‘डीटीएच’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या सेवेत सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाची लहान छत्री ज्याच्या त्याच्या भिंतीवर किंवा गच्चीवर असते. तेव्हा खरा भेद उपग्रह असण्या-नसण्याचा नसून छत्री कोठे उभी आहे याचा आहे. ती सामाईक असेल तर केबल, स्वतःची असेल तर डीटीएच. आपल्याकडील बोलीने हे शास्त्रीय परिभाषेपेक्षा अधिक अचूक ओळखले असे म्हणावयास हरकत नाही; कारण ‘उपग्रह घेतला’ असे कोणी म्हणत नाही, ‘छत्री बसवली’ असेच म्हणतात.

हा भेद नीट ध्यानात घेतला म्हणजे चित्राच्या दर्जाविषयीचा वाद बराचसा निवळतो. वितरकाच्या मोठ्या छत्र्या प्रायः ‘सी’ पट्ट्यातील, चार गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी घेतात. घरगुती छत्री ‘केयू’ पट्ट्यातील, बारा गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी घेते. लहर जितकी आखूड तितकी पावसाच्या थेंबांत ती अधिक शोषली व विखुरली जाते. परिणामी कोकणात किंवा घाटमाथ्यावर आषाढातील मुसळधार सर सुरू झाली की छत्रीवरील चित्र प्रथम चौकटी-चौकटींत फुटते आणि मग नाहीसे होते. सर ओसरताच परत येते. केबलवरील चित्र त्याच वेळी सहसा टिकून असते. परंतु केबलची दुर्बलता दुसरीकडे आहे. तिच्या मार्गात खांब आहेत, झाडांच्या फांद्या आहेत, आणि ठिकठिकाणी विजेवर चालणारी प्रवर्धक यंत्रे आहेत. वादळात फांदी पडली की सबंध आळीचे चित्र जाते, आणि ते परत येण्यास सर ओसरणे पुरेसे होत नाही. कोणीतरी शिडी घेऊन यावे लागते. वीजकपातीच्या काळात तर असा प्रकार होई, की घरात इन्व्हर्टर असून पडदा रिकामा राही, कारण वीज गेलेली असे ती मधल्या खांबावरची. एकाची तक्रार आकाशाशी, दुसऱ्याची रस्त्याशी. ‘कोणते अधिक भरवशाचे’ याचे उत्तर म्हणूनच रत्नागिरीत एक आणि लातुरात दुसरे येईल, आणि दोन्ही बरोबर असतील.

सामाईक छत्री आणि स्वतःची छत्री यांतील क्रम ऐतिहासिक दृष्ट्या काय होता, हे पाहणे उद्बोधक आहे. सामान्य समज असा, की आधी केबल आली आणि नंतर तंत्र सुधारल्यावर थेट ग्रहण आले. भारतापुरते हे खरे नाही. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने ‘साइट’ हा शैक्षणिक प्रयोग झाला, तेव्हा सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत जाळीच्या तीन मीटर व्यासाच्या छत्र्यांनी उपग्रहाचे संदेश थेट घेतले गेले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ पासून चालू होते, परंतु ते भूप्रक्षेपण होते. म्हणजे या देशात छत्री प्रथम आली ती खेड्यात, आणि ती सबंध गावाची म्हणून. थेट ग्रहण म्हणजे व्यक्तिगत ग्रहण, हे समीकरण पुढे बाजाराने जुळविले. तंत्रात ते अंगभूत नव्हते.

केबलचा उगम याहून अगदीच साधा होता. १९८०च्या दशकात मुंबईतील उंच इमारतींत एखाद्या खोलीत व्हिडिओ यंत्र ठेवावे, त्यावर चित्रपटाची फीत लावावी आणि तारेने ती मजल्यामजल्यांवर पोहोचवावी, अशी ती सुरुवात होती. फितींच्या हक्काची फिकीर फारशी कोणी केली नाही. यातूनच १९८९ मध्ये गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक हा खटला मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि आपापल्या घरी बसून तारेवरून चित्रपट पाहणारे प्रेक्षक हे खाजगी नसून ‘जनता’च होत, असा निर्णय झाला. हा निर्णय स्वामित्वहक्काच्या कायद्यापुरता होता. तथापि त्यातील तत्त्व प्रस्तुत विषयाच्या मुळाशी जाणारे आहे. दार लावून बसलेली शंभर कुटुंबे एका तारेने जोडली गेली की त्यांचा एक समाज होतो, हे न्यायालयाने मान्य केले. तुलनेच्या तक्त्याने मात्र ते कधीच मान्य केले नाही. त्याच्या लेखी प्रत्येक घर सुटे असते.

१९९१च्या आखाती युद्धाची दृश्ये, त्याच वर्षी आलेले स्टार, ऑक्टोबर १९९२ मध्ये सुरू झालेली झी वाहिनी, आणि या सर्वांना घरोघर नेणारा केबलवाला, हा इतिहास परिचित असल्याने त्याचा विस्तार नको. कायदा मागाहून, १९९५ मध्ये आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचे सांगितले. थेट ग्रहणाविषयी शासनाची वृत्ती मात्र प्रारंभी संशयाची होती. जुलै १९९७ मध्ये त्यावर बंदी घालण्यात आली व नोव्हेंबर २००० मध्ये ती उठली. पहिली खाजगी सेवा २००३ मध्ये आली, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची विनामूल्य सेवा आली, आणि २००६ नंतरच्या तीन वर्षांत टाटा स्काय, सन, एअरटेल, रिलायन्स व व्हिडिओकॉन यांनी मैदान भरून काढले. म्हणजे साधारणतः २००६ पर्यंत महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांपुढे निवड अशी नव्हतीच. ज्याची तार आळीत असेल त्याची जोडणी घ्यावयाची. छत्रीने प्रथमच ‘नाही’ म्हणण्याची सोय करून दिली, हे तिचे ऐतिहासिक श्रेय होय.

केबलवाल्याविषयी हल्ली काहीशा हळव्या सुरात लिहिले जाते. तो दर महिन्याला दारी येई, एखाद्या महिन्याची वर्गणी थकली तर चालवून घेई, घरातल्यांना नावाने ओळखे, हे सारे खरे. गावाच्या गणेशविसर्जनाची मिरवणूक, शालान्त परीक्षेतील स्थानिक मुलांचे यश, नगरपालिकेतील भांडणे, निधनवार्ता हे सर्व त्याच्या स्वतःच्या स्थानिक वाहिनीवर येई. देशभर एकच संदेश टाकणाऱ्या उपग्रहाला हे साधणे शक्य नाही. कारण संगमनेरच्या बातमीसाठी उपग्रहावरील जागा कोणी भाड्याने घेणार नाही. स्थानिक वाहिनी हा केबलचा खरोखर एकमेव असा गुण आहे, की ज्याला छत्रीपाशी तोड नाही. आणि आश्चर्य हे, की तुलनेच्या तक्त्यात वाहिन्यांची संख्या मोजताना नेमकी हीच एक वाहिनी जमेस धरलेली नसते. परंतु चित्राला दुसरी बाजूही आहे. आळी वाटून घेतलेली असे. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने तार टाकावयाची नाही, हा अलिखित करार असे. पावती क्वचितच मिळे. आपल्याकडे किती ग्राहक आहेत हा आकडा वरच्या वितरकाला व प्रक्षेपकाला कमी करून सांगण्याची प्रथा तर इतकी सार्वत्रिक होती, की पुढे संपूर्ण अंकीकरणाचे एक प्रमुख कारण तीच ठरली. उधारी चालवून घेणारा आणि स्पर्धकाची तार आळीत येऊ न देणारा, हे बहुधा एकच गृहस्थ होते. त्यांतील पहिल्याची आठवण ठेवून दुसऱ्याला विसरणे हे समीक्षेचे काम नव्हे.

छत्रीच्या कंपनीने हा माणूस मधून काढला आणि त्याच्या जागी दूरध्वनीवरील एक क्रमांक ठेवला. पैसे आगाऊ, मुदत संपली की त्या रात्रीच पडदा काळा. यात अन्याय काही नाही, कारण नियम सर्वांना सारखाच. पण ज्या घरात मजुरी आठवड्याला येते त्या घराला महिन्याच्या आगाऊ रकमेचा नियम आणि ‘पुढच्या सोमवारी द्या’ म्हणणारा माणूस यांतील फरक चांगलाच समजतो. उलट, नोकरीनिमित्त दर दोन वर्षांनी बदली होणाऱ्या कुटुंबाला, किंवा ऊसतोडीसाठी काही महिने घर सोडणाऱ्याला, आळीच्या तारेचा उपयोग काय? छत्री उतरवून बरोबर नेता येते. येथे तक्त्यातील ‘जोडणीचा खर्च’ हा रकाना पुष्कळ काही सांगू शकला असता, जर त्याने ‘खर्च केव्हा व कोणत्या रीतीने द्यावा लागतो’ हेही विचारले असते.

पुढील घटना अधिक निर्णायक आहे. २०११च्या अखेरीस कायद्यात दुरुस्ती होऊन केबलचे टप्प्याटप्प्याने अंकीकरण झाले. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर, पुणे, नागपूर, नाशिक आदी शहरांत ३१ मार्च २०१३ नंतर, आणि अखेर ३१ मार्च २०१७ या मुदतीने ग्रामीण भागात सेट-टॉप बॉक्स अनिवार्य झाला. मग १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरव्यवस्था प्रत्यक्षात आली. तिच्यानुसार पहिल्या १०० साध्या वाहिन्यांच्या वहनाचे शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे. आणि सशुल्क वाहिनीची कमाल किंमत प्रक्षेपकाने जाहीर करावयाची ती केबल व छत्री दोघांसही एकच. या एका नियमाने तक्त्यातील ‘वाहिन्या’ व ‘वर्गणी’ हे दोन्ही रकाने बव्हंशी समान झाले. दोन मार्गांची तुलना ज्या भूमीवर उभी होती ती भूमीच काढून घेतली गेली, आणि तरीही तक्ते पूर्ववत् प्रसिद्ध होत राहिले.

या व्यवस्थेमागील कल्पना ग्राहकस्वातंत्र्याची होती. जे पाहावयाचे त्याचेच पैसे द्या. कल्पना म्हणून ती निर्दोष वाटते. परंतु तिने ‘ग्राहक’ या शब्दाचा अर्थ ‘एक माणूस’ असा घेतला, आणि दूरचित्रवाणी पाहते ते घर. पूर्वी केबलवाला सरसकट सर्व वाहिन्या पाठवी. त्यांत आजीची कीर्तनाची वाहिनी, मुलांची व्यंगपटांची, आईची मालिकांची, या सगळ्या न मागता येत. कोणाला काही मागावे लागत नसे. २०१९ मध्ये प्रत्येक वाहिनीपुढे किंमत लागली आणि घराला यादी करावी लागली. यादी करणारा हात बहुधा वर्गणी भरणाराच होता. क्रिकेटची वाहिनी आणि आजीची वाहिनी यांचे मोल प्रथमच रुपयांत शेजारी शेजारी मांडले गेले. ज्याला स्वतःची मिळकत नाही त्याला आपली आवड समर्थनासहित मांडणे भाग पडले. केबल-युगातील सरसकट पुरवठा हा उधळा होता, कदाचित् अन्यायकारकही; पण घरातील दुबळ्या प्रेक्षकाला त्यात एक न मागितलेले संरक्षण होते.

यावर एक आक्षेप संभवतो. बहुसंख्य कुटुंबांनी अशी यादी केलीच नाही. प्रक्षेपकांनी व वितरकांनी बांधून दिलेले गठ्ठेच घेतले, कारण सुट्या वाहिन्यांच्या बेरजेपेक्षा गठ्ठा कितीतरी स्वस्त पडे. मग आजीच्या वाहिनीची चिंता कशाला? आक्षेपातील वस्तुस्थिती बरोबर आहे. नियामकाने जानेवारी २०२० मध्ये नियम पुन्हा बदलले ते याच गठ्ठ्यांना आळा घालण्यासाठी. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष आक्षेपकाला अभिप्रेत असलेल्या निष्कर्षाहून वेगळा आहे. निवडीचा हक्क मिळालेल्या घराने निवड न करण्याचा मार्ग पुनः शोधून काढला. सरसकट पुरवठ्याकडे ते परत गेले, मात्र आता तो पुरवठा आळीतील माणसाऐवजी मुंबईतील कार्यालयांनी ठरविलेला होता, आणि एखाद्या प्रक्षेपकाच्या चार चालत्या वाहिन्यांबरोबर त्याच्याच दहा पडेल वाहिन्या घरात येऊ लागल्या. आजीची वाहिनी त्या दहांत असेलच असे नाही.

निवड ही मुळात शक्य तरी आहे काय, हाही प्रश्न आहे, आणि तो केवळ पैशाचा नाही. भारतीय सेवांचे उपग्रह प्रायः ८३ ते ९५ अंश पूर्व रेखांशांवर असल्याने महाराष्ट्रातील छत्रीला दक्षिण-आग्नेयेकडे तोंड करावे लागते, आणि समोरचे आकाश मोकळे असावे लागते. ज्याच्या सदनिकेची एकमेव गॅलरी पश्चिमेस किंवा उत्तरेस उघडते, त्याला गच्ची हवी. गच्ची सोसायटीची, तेथे परवानगी हवी. भाडेकरूला मालकाची हवी. चाळीतल्या मधल्या खोलीला तर आग्नेय दिशाच नसते. उलट वाडीवस्तीवर, जेथे मुख्य गावापासून तार ओढणे केबलचालकाला परवडत नाही, तेथे छत्रीवाचून मार्ग नाही. म्हणजे पुष्कळ घरांच्या बाबतीत ‘निवड’ ही घराच्या तोंडावर किंवा गावापासूनच्या अंतरावर आधीच होऊन गेलेली असते. ती झाल्यावरही बदल करणे सोपे नव्हते. एका सेवेचा बॉक्स दुसरीकडे चालावा अशी अपेक्षा परवान्यांच्या अटींत प्रथमपासून होती. व्यवहारात मात्र सेवा बदलली की जुना बॉक्स निरुपयोगी होतो, हाच बहुतेक घरांचा अनुभव.

तक्त्यातील सर्वांत मोठी उणीव अद्याप सांगावयाची राहिली. त्यात दूरदर्शनची फ्री डिश नसते. एकदा छत्री आणि बॉक्स विकत घेतला की तिला मासिक वर्गणी नाही. सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या आणि लिलावात जागा घेतलेल्या खाजगी वाहिन्या तीवर दिसतात. देशातील कोट्यवधी घरे ती पाहतात. तरीही ‘केबल की उपग्रह’ या प्रश्नात तिला जागा नाही, कारण वर्गणी नसल्याने तिचा विक्रेता नाही, आणि विक्रेता नाही म्हणून तिची जाहिरातवजा तुलना करण्यात कोणाचेच हित नाही. तिच्या प्रेक्षकाची परवशता मात्र वेगळ्या प्रकारची आहे. मार्च २०१९ मध्ये मोठ्या प्रक्षेपकांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या तीवरून काढून घेतल्या. २०२० मध्ये त्यांतील काही परत आल्या. जाताना आणि येताना प्रेक्षकाला कोणी विचारले नाही. पैसे न देणाऱ्याला तक्रारीचे ठिकाणही राहत नाही, ही त्या विनामूल्यतेची किंमत होय.

जुलै २०२४ मध्ये नियामकाने वहनशुल्कावरील कमाल मर्यादा काढून टाकली. यापुढे वितरकागणिक व प्रदेशागणिक शुल्क वेगळे असू शकेल, आणि वर्गणीचा रकाना पुन्हा अर्थपूर्ण होईल. परंतु तोवर प्रेक्षकच हलू लागला आहे. २०२०च्या अखेरीस सशुल्क छत्र्यांची संख्या सुमारे ७ कोटी १० लाख होती. २०२५ पर्यंत ती ६ कोटींच्या खाली आली. केबलवाला आता त्याच खांबांवरून इंटरनेटची काचतंतूची तार नेतो. बिल कंपनीच्या नावाचे, पैसे आगाऊ, आणि तक्रार एका क्रमांकावर. दारात येणारा माणूस मात्र पूर्वीचाच. त्या तारेवरून जगातील चित्रपट येतात. गावाच्या मिरवणुकीची वाहिनी तीवर आपोआप येत नाही. ती कोणीतरी मुद्दाम चालवावी लागते, आणि तिचा खर्च कोणी करावयाचा हे ठरलेले नाही.